विमान कधी आहे

१२ जानेवारी

छोटी,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे तुझ्या डाइव्हच्या दुकानाच्या इमेलवर पाठवते आहे. तिथे जो आधी उघडेल त्याला आपली भाषा वाचता येणार नाही, हे बरंच आहे. वर तुझं नाव घातलं आहे. तेवढं त्याला कळेल.

आधी कामाचं. फेब्रुवारीत मी आणि तुझे भावोजी जहाजाच्या सफरीवर जातो आहोत, आठवडाभर. जहाज तीन बंदरांना थांबतं. तिसरं तुझं आहे. योगायोग आहे. तिकिटं भावोजींनी काढली, मी नकाशा नंतर बघितला.

मला पुन्हा पाठीला हवेची टाकी लावून डाइव्ह करायचा आहे. आई गेल्यापासून केलेला नाही. पोहण्याच्या तलावावर रोज शिकवायला असते, पण तिथे मी लोकांना पाण्यात उतरवते आणि स्वतः काठावर उभी राहते. पाच वर्षांत गळ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही.

असं ठरवलं आहे. पहिल्या बंदरावर फक्त उजळणी, उथळ खाडीत, शिकवणाऱ्या माणसाबरोबर. दुसऱ्यावर एक साधा डाइव्ह, पोवळ्यांच्या कडेकडेने, फार खोल नाही. तिसऱ्यावर तुझ्याबरोबर. जहाज तिथे दुपारी लागतं आणि संध्याकाळी निघतं. जहाजवाल्यांच्या सहलीतून गेलं आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. आपलं आपण ठरवून गेलं तर थांबत नाही. तुझ्याकडे यायचं म्हणजे आपलं आपणच ठरवणं आलं. जहाजावरचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ वेगळं असू शकतं, हेही लक्षात ठेवलं आहे.

सामान काढून बघितलं. मास्कचा रबरी पट्टा ओढला तर त्याचे तुकडे हातात आले. सूट गुडघ्यांच्या वर चढेना. भावोजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "उशीला अभ्रा घालतेस की अभ्र्यात गादी?" मग आत येऊन तो वर खेचला आणि पाठीची चेन ओढून दिली. ती अर्ध्यात अडकली. सूट तिथे भाड्याने घेईन.

मी जास्त काही मागत नाही. पाण्याखाली बोलावं लागत नाही. तू पुढे, मी मागे. झालं की मी जहाजावर परत जाईन.

हो किंवा नाही, एवढं कळव.

ताई


९ फेब्रुवारी, पहिलं बंदर

छोटी,

तुझं उत्तर नाही. जहाज ठरल्याप्रमाणे निघालं.

आज उजळणी झाली. शिकवणारा माणूस वयाने माझ्याएवढाच असेल, पाठीत वाकलेला. त्याने विचारलं, शेवटचा डाइव्ह कधी केलात? मी सांगितलं. "लोक म्हणतात, सायकलसारखं असतं, विसरत नाही," तो म्हणाला. "पण सायकलवरून पडल्यावर श्वास चालू राहतो."

खाली राहायला कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं लागतात, त्याने माझ्याकडे एकदा बघून त्यात दोन वाढवली. पूर्वी मी तुझ्यापेक्षा कमी वजनात खाली जायचे आणि तू त्यावरून दिवसभर धुसफुसायचीस.

तळाशी गुडघ्यांवर बसायचं, मास्क काढायचा, परत लावायचा, नाकाने हवा सोडून आतलं पाणी घालवायचं. तुला मी हेच शिकवलं, आणि तुझ्यानंतर कितीतरी जणांना. आज मास्क काढला, नाकात पाणी गेलं, आणि श्वास कुठून घ्यायचा हे मला कळेना. नळी तोंडात होती. हवा येत होती. मी ताडकन उठून उभी राहिले. पाणी छातीपर्यंत होतं. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून मी खोकत होते आणि शेजारून एक बाई लेकराला फुगवलेल्या चाकात बसवून ढकलत नेत होती. लेकरू माझ्याकडे बघून हसलं.

दुसऱ्या वेळी जमलं. तिसऱ्याही वेळी. तो म्हणाला, उद्या-परवा डाइव्ह करायला हरकत नाही, पण कोणाबरोबर करताय ते बघून करा. मी म्हटलं, बहिणीबरोबर. "मग भांडू नका," तो म्हणाला. खाली भांडता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की त्याचं लग्न खालीच मोडलं.

भावोजी वाळूवर खुर्चीत बसून होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. तू त्यांचं नाव 'कोरडे भावोजी' ठेवलं होतंस, ते अजून लागू आहे. जहाजावर जिने फार आहेत. मध्येच थांबतात आणि कठड्याला टेकून समुद्र बघत असल्यासारखं करतात. वय झालं, दुसरं काही नाही.

ताई


१० फेब्रुवारी, समुद्रात

छोटी,

उत्तर मिळालं. 'विमान कधी आहे?'

भावोजींना दाखवलं. म्हणाले, "घ्यायला येते आहे की घालवायला?" मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. डाइव्हनंतर एक पूर्ण दिवस विमानात बसायचं नसतं. खाली असताना हवेतला वायू रक्तात मुरतो. नंतर उंचावर गेलं, की सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं होतं. बुडबुडे सांध्यांत अडकतात, मणक्यात अडकतात. माणूस लुळा पडतो, कधी मरतो. भावोजींनी शांतपणे ऐकलं. एवढी वर्षं आपलं भांडण त्यांना माहीत होतं, त्यातला हा बुडबुडा माहीत नव्हता. "म्हणजे तू तिला म्हणालीस, थांब, ते यासाठी," ते म्हणाले. मी हो म्हटलं. 

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आहे. एक दिवसाहून जास्तच मिळतो. तेव्हा अडचण नाही. वेळ कळव.

ताई


११ फेब्रुवारी, दुसरं बंदर

छोटी,

डाइव्ह झाला. जोडीला जहाजावरचाच एक दातांचा डॉक्टर होता. बोटीत पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, वरची डावी दाढ दाखवून घ्या. खाली मात्र सरळ माणूस. वर-खाली डगमगायला लागले की माझ्या टाकीला हात लावून स्थिर करायचा, आणि नंतर त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

माझी हवा सगळ्यांच्या आधी संपत आली. मी भसाभसा ओढत होते. उजवा कान दुखतो आहे, पण फार नाही. पोवळी बरीचशी पांढरी पडली आहेत. एक कासव दिसलं. मला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. पाणी होतं, मी पाण्यात होते.

विमान संध्याकाळचं नाही. सकाळचं आहे. जहाजातून उतरून थेट विमानतळ. तुला खोटं लिहिलं. तू विचारलंस तेव्हा मला पाचच मिनिटांत कळलं होतं की बसत नाही. खरं म्हणजे तिकिटं काढतानाच कळलं होतं. तिकिटं मी काढली. भावोजी म्हणाले होते, तुला हवं तिथे जाऊ, आणि मी तुझं बंदर असलेलं जहाज शोधलं.

विमान पुढे ढकलता येत नाही, पुढचं थेट रविवारी आहे. भावोजींच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. रविवारी सकाळी तपासण्या, सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन. ती तारीख मिळवायला दोन महिने गेले. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण तोंड वाकडं करून. भावोजी त्यांना म्हणाले, "तुम्ही आतून बघणारच आहात, त्याआधी मला बाहेरून जग बघू द्या." घरी आल्यावर मला म्हणाले, चल, तुझी बहीण बघून येऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे. उथळ पाणी, अर्धा तास, एकच डाइव्ह. तेवढ्याने काही होत नाही. तुलाही माहीत आहे, नियम सगळ्यात वाईट दिवसासाठी केलेला असतो.

ताई


१२ फेब्रुवारी, समुद्रात

छोटी,

'मग डाइव्ह नाही. दोनला धक्क्यावर ये. वरून तरंगत बघायचं असेल तर बोटीत जागा आहे.'

तीनदा वाचलं. तू बरोबर आहेस. मी तुझ्या जागी असते तर हेच लिहिलं असतं, आणि म्हणूनच विचारते, तू मला तेव्हाचं 'थांब' परत करते आहेस का?

एकदा सरळ लिहून टाकते. तू धक्क्यावरून फोन केला होतास. मागे बोटीचं इंजिन चालू होतं. मी म्हटलं, आईला दवाखान्यात ठेवलं आहे, बरं नाही. तू म्हणालीस, निघते, रात्रीचं विमान आहे. मी विचारलं, आज पाण्यात होतीस? तू म्हणालीस, दोनदा. किती खोल, तेही मी विचारलं आणि किती तास थांबायचं ते तक्त्यात बघितलं. मग म्हटलं, उद्या संध्याकाळचं विमान घे, डॉक्टर म्हणतात वेळ आहे. तू तीनदा विचारलंस. मी तीनदा तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. तू रात्री उतरलीस, तेव्हा तुझ्यासाठी उरलेलं काम म्हणजे माझ्याशी न बोलणं.

मी तेव्हा चुकले नाही. आज पुन्हा तसाच फोन आला तर तेच सांगेन. तुझे पाय गेले असते तर आईला मी काय तोंड दाखवलं असतं? हे मी पाच वर्षं स्वतःला सांगते आहे आणि ते दर वेळी खरं निघतं.

दोनला येते. भावोजीही येतील. त्यांना बसायला सावली लागेल.

ताई


१३ फेब्रुवारी, जहाजावर

छोटी,

तुझं गाव अजून मागे दिसतं आहे. नुसते दिवे. भावोजी झोपले आहेत.

आज जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तेव्हा परत लिहायची गरज नाही. तरी लिहिते, कारण पाण्यातून वर आल्यावर तू विचारलंस आणि मला सांगता आलं नाही.

तू भावोजींना पहिलं काय म्हणालीस, तर "भावोजी, आता तरी बूट काढा." ते म्हणाले, "बहिणीला सांग. बांधले तिने आहेत." तू त्यांच्या घोट्यांकडे बघितलंस. मोज्याच्या वर आलेली सूज तुला दिसली. तू आत गेलीस, दुकानातली एकुलती एक गादीची खुर्ची उचलून आणलीस आणि सावलीत ठेवलीस. माझ्याकडे अजून बघितलं नव्हतंस.

बोटीत ते नवरा-बायको गिऱ्हाईक पुढे बसले होते. तू दोर गुंडाळत होतीस. दोराकडे बघतच म्हणालीस, "तू 'ये' म्हणायला हवं होतंस."

"मग तू आली असतीस."

"ते मी ठरवलं असतं."

"छोटी, तू आली असतीस."

"हो, मग आले असते." दोर संपला होता, तरी तुझे हात चालू होते. "मला तुझा तक्ता पाठ होता, ताई. तुझ्याकडूनच पाठ केला होता. तक्ता विचारायला नव्हता केला मी फोन."

 मला बोलायचं होतं ते आदल्या दिवशी इमेलमध्ये बोलून झालं होतं, आणि तू ते वाचलं होतंस.

मग तू त्या दोघांना घेऊन खाली गेलीस. मी मास्क लावून पालथी तरंगत राहिले. पाणी स्वच्छ होतं, तळापर्यंत दिसत होतं. तू फार कमी हलतेस आता. त्या बाईचा पाय पोवळ्याला लागणार होता, तो तू दोन बोटांनी बाजूला केलास. नवरा भलतीकडे चालला होता, त्याला नुसतं बघून परत आणलंस. मी शिकवलेलं त्यात काही उरलेलं नाही. तुझं तू बनवलेलं आहे सगळं. मला ते बघत राहायचं होतं.

मध्येच तू वर बघितलंस आणि अंगठा-बोट जुळवून विचारलंस, ठीक?

असं विचारलं की तसंच करून दाखवायचं. ते हात आपोआप करतात. माझा हात पुढे गेला आणि मी पंजा पसरून डावी-उजवीकडे हलवला. काहीतरी बिघडलं आहे.

असा हात मी आयुष्यात कधी केला नव्हता. तुला ते माहीत आहे. तू मला पाण्यात घाबरलेली कधी बघितली नाहीस. तू लगेच त्या दोघांना खूण केलीस, तिघं दोराला धरून वर यायला लागलात. सावकाश, यायला हवं तसं. आणि वर यायच्या थोडं आधी थांबलात. तिथे तीन मिनिटं थांबायचंच असतं, रक्तातला वायू निघून जायला. मला ते माहीत होतं. तरी तुम्ही थांबलात तेव्हा मला धक्का बसला.

तू माझ्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढी खाली होतीस. घड्याळ बघत होतीस, मग मला, मग परत घड्याळ. मला काय झालं आहे हे तुला कळत नव्हतं. मी बुडत असेन, माझं हृदय बंद पडत असेल, काहीही असेल. दोर धरलेला तुझा हात पांढरा पडला होता. एकदा तू थोडी वर सरकलीस आणि त्या बाईकडे बघून परत खाली गेलीस. मास्कमधून तुझे डोळे दिसत होते.

त्या दिवशी फोनवर तुझे डोळे मला दिसले नव्हते. मी नियम सांगितला आणि फोन ठेवून आईची औषधं आणायला गेले. मला काम होतं. तुला पूर्ण एक दिवस नुसतं थांबायचं होतं. ते कसं असतं हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. नियमात ते कुठे नाही.

वर आलीस तेव्हा तू म्हणालीस, "छातीत दुखतंय?"

"नाही."

"कान? पायात गोळा आला?"

"नाही."

"मग हात कशाला हलवलास?"

ती बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, अर्धाच झाला आपला. तू त्यांना पैसे परत देते म्हणालीस. मला म्हणालीस, "त्या खुणेचा असा उपयोग करायचा नसतो." हे माझं वाक्य आहे, पण तुझ्या तोंडी जास्त खरं वाटलं.

 धक्क्यावर तू सामान धुवायला लागलीस. भावोजी म्हणाले, "छोटे, घरी ये कधीतरी." तू म्हणालीस, "तुम्ही आधी बरे व्हा." मी म्हटलं, येते. तू पाण्याची नळी बंद केली नाहीस. "हं," म्हणालीस.

हात कशाला हलवला, त्याचं उत्तर. आई गेल्यापासून मी ठीक नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, भावोजींनाही नाही. वर, हवेत, ते मला सांगता येत नाही. इथे लिहूनही नीट येत नाही, पण ते आहे.

कान अजून दुखतो आहे.

ताई


१६ फेब्रुवारी, दवाखाना

छोटी,

उद्या सकाळी भावोजींना आत नेतील. खोलीत दोन खाटा आहेत. दुसऱ्या खाटेवरचा माणूस आज घरी गेला, गादी उघडी पडली आहे. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. भावोजींनी गाड्या मोजायचा खेळ काढला होता, मग दमले. नर्सने छातीवरचे केस काढले, तेव्हा तिला म्हणाले, "जरा बेतानं. हिला ओळख पटली पाहिजे."

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी ठरवलं होतं त्यापेक्षा आतलं काम जास्त आहे. कालच्या तपासणीत दिसलं. मला बाहेर बोलावून सांगितलं. दारात उभं राहून सांगितलं, बसायला सांगितलं नाही, म्हणून मला आधी वाटलं की किरकोळ असेल. शेवटी म्हणाले, घाबरू नका, आपल्याकडे वेळ आहे. आईच्या वेळच्या डॉक्टरांनी हेच शब्द वापरले होते. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्यांनाही माहीत नसतं.

भावोजी म्हणाले, "छोटीला कळवू नकोस. उगाच धावत सुटेल." मी बरं म्हटलं. नंतर थोड्या वेळाने, डोळे मिटलेले असताना, म्हणाले, "तिनं खुर्ची आणली ती चांगली होती."

तुझं दुकान आत्ता बंद झालं असेल. हे तू कधी वाचशील ते मला माहीत नाही. आज सोमवार, तुमचे डाइव्ह असणार. मला तुझं वेळापत्रक माहीत आहे, दुकानाच्या पानावर असतं, मी ते रोज बघते.

ये. आज पाण्यात होतीस का, ते मी विचारत नाही.

ताई